बालपुस्तकांचा ऑनलाइन माग

कुठल्याही ऑनलाइन दुकानात ‘मुलांसाठी मराठी गोष्टीची पुस्तकं’ असं लिहून सर्च करून बघा. आधी इसापनीती येते. मग दुसऱ्या प्रकाशकाची इसापनीती. मग अकबर-बिरबल, तेनालीराम, पंचतंत्र, ‘संस्कारक्षम’ बोधकथांचे दहा-दहा पुस्तकांचे संच, आणि मध्येच चित्रं रंगवायची वही नाहीतर पाढ्यांचा तक्ता. दोन-तीन पानं सरकवली की आईबाबा कंटाळतात आणि त्यातला एखादा स्वस्त संच मागवून मोकळे होतात. मूल ती पुस्तकं एकदा चाळतं आणि ती कपाटात जातात. मग घरात निष्कर्ष निघतो, की मराठीत मुलांसाठी चांगलं काही येतच नाही, किंवा आमच्याकडे वाचायची आवडच नाही. दोन्ही निष्कर्ष बहुधा चुकीचे असतात.

दुकानाला दोष देण्यातही फारसा अर्थ नाही. पुस्तक चांगलं आहे का, हे त्या यंत्रणेला कळत नाही. आपण लिहिलेले शब्द पुस्तकाच्या नावात आहेत का, याआधी किती प्रती गेल्या, कोणी जाहिरातीचे पैसे भरले, एवढंच तिला कळतं. स्वस्त संच खपतात म्हणून वर दिसतात आणि वर दिसतात म्हणून आणखी खपतात. खालच्या ताऱ्यांचाही उपयोग नसतो. ‘वेळेत मिळालं’, ‘कागद बरा आहे’, ‘पॅकिंग फाटलं होतं’ यावरून दिलेले ते तारे असतात. शिवाय मुलांच्या पुस्तकाचं गिऱ्हाईक एक आणि वाचक दुसराच. पैसे देणारा अभिप्राय लिहितो, वाचणारा सात वर्षांचा असल्यामुळे काही लिहीत नाही.

म्हणजे ‘चांगलं पुस्तक’ असं विचारून चांगलं पुस्तक मिळत नाही, नाव विचारावं लागतं. आणि पुस्तकाचं नाव माहीत नसलं तरी ती पुस्तकं करणाऱ्या माणसांची नावं शोधणं अवघड नाही. मराठीत मुलांसाठी मन लावून लिहिणारे, चित्रं काढणारे, अनुवाद करणारे आणि ते नीट छापणारे लोक मोजके आहेत आणि बहुतेकांची नावं कुठे ना कुठे नोंदलेली आहेत. एका नावाला धरलं की त्यामागून दुसरं येतं. इंटरनेटचा खरा फायदा इथे आहे.

सुरुवात करायला सोपी जागा म्हणजे साहित्य अकादमीचं संकेतस्थळ. अकादमीने 2010 पासून स्वतंत्र बालसाहित्य पुरस्कार सुरू केला आणि त्याची वर्षवार, भाषावार यादी तिथे आहे. मराठीच्या रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी हातात बरंच काही लागतं. 2011 मध्ये दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’, 2017 मध्ये ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’, 2022 मध्ये संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, 2024 मध्ये भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’. पहिल्याच वर्षी हा पुरस्कार अनिल अवचटांना मिळाला होता, हे अनेकांना आठवतही नसेल. मोठ्यांसाठी लिहिणारी भक्कम माणसं मुलांसाठीही लिहितात, हे या यादीवरून चटकन ध्यानात येतं.

पण पुरस्कारांची यादी ही खरेदीची यादी नव्हे. पुरस्कार मजकुराला मिळतो, कधी एकूण कामगिरीला मिळतो. चित्रांचा, छपाईचा, अक्षराच्या आकाराचा विचार परीक्षकांनी केलेला असेलच असं नाही, आणि कोणत्या वयासाठी हे तर यादीत नसतंच. ‘खारीच्या वाटा’ सहा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन काहीच साधणार नाही. तेव्हा यादीतून नाव उचलायचं आणि त्या नावामागे जायचं.

माधुरी पुरंदरे यांचं उदाहरण घ्या. 2016 मध्ये टाटा ट्रस्टच्या ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’चं पहिलं वर्ष होतं आणि लेखकासाठीचा तो पहिला पुरस्कार त्यांना मिळाला. आता त्यांचं नाव सर्चमध्ये टाका. ‘राधाचं घर’ मिळेल, यशच्या गोष्टी मिळतील, ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ मिळतील, आणि ज्याच्याकडे बरेच आईबाबा दुर्लक्ष करतात ते ‘चित्रवाचन’ही मिळेल. या बाई लिहितात तसं चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकमेकांना खेटून चालतात. ही पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाची. मग त्या प्रकाशनाची बालविभागाची यादी उघडा. तिथे आणखी लेखक, आणखी चित्रकार भेटतील. दुकानाच्या सर्चमध्ये ही पुस्तकं नव्हती असं नाही, पण अकबर-बिरबलाच्या सातव्या संचाखाली ती कुठेतरी गाडली गेली होती.

असाच माग प्रकाशकांच्या बाजूनेही काढता येतो. नॅशनल बुक ट्रस्ट ही 1957 साली स्थापन झालेली सरकारी संस्था. तिची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही माला कितीतरी भारतीय भाषांत निघते. चित्रं तीच, मजकूर त्या त्या भाषेत, आणि किंमत अशी की संच घेण्याचा मोह होत नाही. चेन्नईची तूलिका ही संस्था मराठीसह नऊ भाषांत पुस्तकं काढते. त्यांच्या कित्येक पुस्तकांत इंग्रजी आणि भारतीय भाषा एकाच पानावर असतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठीकडे वळवताना अशा पुस्तकाचा फायदा होतो, पण तोटाही होतो, कारण मूल हळूच इंग्रजी ओळच वाचतं! तेव्हा मराठी ओळी मोठ्यांनी वाचायच्या आणि इंग्रजी मुलाने, अशी वाटणी केलेली बरी.

नाव सापडलं की पुढची पायरी म्हणजे पुस्तक आतून बघणं. ‘बुकगंगा’सारख्या मराठी पुस्तकांच्या दुकानात अनेक पुस्तकांची आतली काही पानं उघडून बघता येतात. ही सोय कादंबरीपेक्षा बालपुस्तकाच्या बाबतीत कितीतरी जास्त मोलाची आहे, कारण तीन-चार पानांत बालपुस्तकाचा कस लागतो.

सगळ्यांत आधी लेखक-प्रकाशकांची नावं छापलेलं पान बघावं. चित्रकाराचं नाव आहे का? मोठ्यांच्या कादंबरीत मुखपृष्ठ कोणाचं हे कळलं नाही तरी चालतं, पण लहान मुलांच्या पुस्तकात चित्रकार हा अर्धा लेखक असतो. त्याचं नावच छापलेलं नसेल तर चित्रं कुठून तरी उचलून डकवलेली असण्याचा संभव मोठा. भाषांतर असेल तर मूळ लेखक, मूळ पुस्तक आणि अनुवादक या तिघांची नावं हवीत. ‘जगप्रसिद्ध परीकथा’ एवढंच लिहून बाकी मौन असेल तर ते पुस्तक बाजूला ठेवावं. पहिली आवृत्ती कधीची आणि पुनर्मुद्रणं किती, हेही त्याच पानावर असतं. बालपुस्तकाच्या पुन्हा पुन्हा प्रती निघत असतील तर मुलांनी ती पुस्तकं वापरून फाडलेली असतात, आणि यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र नाही.

मग गोष्टीचं एखादं पान मोठ्याने वाचायचं. मनातल्या मनात वाचून कळत नाही. जीभ अडखळते का, श्वास भलत्याच जागी तुटतो का, ते ऐकायचं. ‘त्याने मातेस वंदन करून विद्यालयाकडे प्रस्थान केले’ अशी वाक्यं अजूनही छापली जातात. अशा वाक्यातलं मूल कोणाच्याही ओळखीचं नसतं. याच्या उलट टोकाला हल्लीची काही पुस्तकं ‘छोटुकला’, ‘गोडुला’, ‘इवलासा’ यांच्या पाकात बुडालेली असतात. तीही तितकीच नकली. नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी पुस्तक असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. ओळ कुठे तुटते? ‘राजूच्या आजीने / फडताळातून डबा काढला’ अशी ओळ अर्थाच्या गाठीवर तुटली तर मुलाला सोपं जातं. ‘राजूच्या आजीने फडताळातून / डबा काढला’ यात मूल फडताळाशीच थांबतं. ही काळजी घेणारा प्रकाशक इतरही काळज्या घेतो, असा माझा अनुभव आहे.

चित्राची परीक्षा सोपी आहे. मजकुरावर हात ठेवून नुसतं चित्र बघायचं. ‘मनी रुसली’ असं लिहिलंय आणि चित्रात ओठ काढून उभी असलेली मुलगी आहे, तर चित्राने फक्त री ओढली. पण मनी पलंगाखाली जाऊन बसलीय, तिचा एकच पाय दिसतोय आणि मांजर त्या पायाकडे बघतंय, असं असेल तर चित्र स्वतःचं काहीतरी सांगतंय. मूल तिथे थांबेल, बोट दाखवेल, प्रश्न विचारेल. आणि शेवटच्या पानावर ‘तात्पर्य’ असेल तर माझ्यापुरतं सांगतो, मी ते पुस्तक घेत नाही. इसापाला माफ आहे.

आता फुकट मिळणाऱ्या पुस्तकांबद्दल. इथे सगळ्यांत आधी नाव घ्यायचं ते स्टोरीवीव्हरचं. 2004 मध्ये सुरू झालेल्या बंगळुरूच्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने 8 सप्टेंबर 2015 रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, हा मंच खुला केला. त्या वेळी तिथे 24 भाषांतल्या सुमारे 800 गोष्टी होत्या. आज भाषांची संख्याच 300 च्या पुढे गेली आहे. मराठीबरोबर कोंकणी आहे, मेळघाटात बोलली जाणारी कोरकूही आहे. यामागची युक्ती कायद्यातली आहे. गोष्टी आणि चित्रं ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली दिलेली असतात. मूळ कर्त्यांची नावं नमूद केली की कोणीही ती वाचू शकतं, छापू शकतं, भाषांतर करू शकतं, अगदी छापून विकूही शकतं. एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेने गोष्ट डाउनलोड करून, प्रिंट काढून, शिवून वर्गात लावली तर तिने कोणाचीही परवानगी घेण्याची गरज नाही. पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचन पैशांअभावी अडतं अशा ठिकाणी ही फार मोठी गोष्ट आहे.

स्टोरीवीव्हरवर प्रत्येक गोष्टीला पातळी दिलेली असते. पहिल्या पातळीत 250 शब्दांपर्यंतच्या, शब्द पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी. दुसऱ्या पातळीत 600 पर्यंत, तिसऱ्यात 1500 पर्यंत आणि त्यापुढच्या चौथ्या पातळीत. या पातळ्यांचा उपयोग मराठी घरांत एका विशिष्ट पेचासाठी होतो, आणि तो पेच आता पुण्या-मुंबईपासून न्यू जर्सीपर्यंत सगळीकडे आहे. मूल नऊ वर्षांचं, इंग्रजीत जाडजूड पुस्तकं वाचणारं, पण मराठी वाचन अजून अक्षर लावून लावून. त्याला त्याच्या वयाची मराठी कादंबरी झेपत नाही आणि झेपणारी ‘चिऊताईचं घर’ छापाची गोष्ट दिली तर त्याचा अपमान होतो. अशा मुलासाठी वयाची पट्टी फसवी ठरते. त्याला विषय नऊ वर्षांचा आणि वाक्यं सहा वर्षांची लागतात. स्टोरीवीव्हरवर पातळी आणि विषय दोन्ही वेगवेगळे निवडता येतात. पातळी दुसरी ठेवून विज्ञान, प्राणी, गणित, खरी माणसं असे विषय निवडले की छोट्या वाक्यांतली, पण बाळबोध नसलेली पुस्तकं मिळतात. कोळ्याचं जाळं कसं असतं हे वाचताना नऊ वर्षांच्या मुलाला आपण लहान मुलांचं पुस्तक वाचतोय असं वाटत नाही.

मात्र हा मंच सगळ्यांना खुला आहे आणि त्याची किंमत भाषेला मोजावी लागते. कोणीही भाषांतर करू शकतं, म्हणजे कोणीही करतं. काही मराठी गोष्टी इतक्या सहज वाहतात की मूळ मराठीच वाटाव्यात. काहींत मात्र हिंदी वाक्यरचना तशीच उरलेली असते, शुद्धलेखनाचं नाव नको, आणि पात्रं एकमेकांशी बातमीपत्रासारखी बोलतात. म्हणून इथेही गोष्टीच्या शेवटी दिलेली नावं आधी वाचावीत. मूळ प्रकाशक कोण, अनुवाद संस्थेने करून घेतलेला की एखाद्या हौशी माणसाचा, हे तिथे लिहिलेलं असतं. हौशी अनुवाद वाईटच असतो असं अजिबात नाही. पण मुलाला देण्याआधी दोन पानं आपण वाचून घ्यावीत. एखाद्या अनुवादकाचं मराठी आवडलं तर त्याच नावाच्या बाकीच्या गोष्टी बघाव्यात.

नॅशनल बुक ट्रस्टचं ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ही आता आहे. तेही मोफत, मराठीसह अनेक भाषांत, आणि पुस्तकं 3 ते 8, 8 ते 11, 11 ते 14 आणि 14 ते 18 अशा चार वयोगटांत लावलेली. सरकारी काम म्हणून नाक मुरडू नये.

नाक मुरडू नये अशी दुसरी सरकारी जागा म्हणजे ‘किशोर’. बालभारतीने नोव्हेंबर 1971 मध्ये हे मासिक सुरू केलं आणि त्याचे जुने अंक आता ऑनलाइन, मोफत वाचायला मिळतात. मराठीतलं मुलांसाठीचं इतकं मोठं आणि इतकं कमी वापरलं गेलेलं भांडार दुसरं नसेल. पाठ्यपुस्तक मंडळाचं मासिक असूनही ते कधी पाठ्यपुस्तकासारखं झालं नाही. मोठे लेखक आणि कवी त्यात मुलांसाठी हौसेने लिहीत आणि चित्रकारांना पानभर जागा मिळे. जुना अंक उघडला की कथा, कविता, कोडी, शास्त्रज्ञांची ओळख, एखादी साहसकथा असा सगळा मेवा एकत्र दिसतो. पण माझ्या लेखी त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. मासिकाचे अंक म्हणजे नावांची खाण. एखादी गोष्ट मुलाला आवडली की तिच्या लेखकाचं नाव टिपून ठेवायचं आणि त्याची पुस्तकं शोधायला लागायचं. छापील हवं असेल तर ‘निवडक किशोर’चे खंड आहेतच.

नाव हे साधन किती कामाचं आहे, हे दाखवणारा एक माणूस पुण्यात वर्षानुवर्षं काम करत आला. आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेले अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवतात, म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांइतकाच मोठा भाग पुस्तकांचा आहे, हे कमी जणांना ठाऊक असतं. तिथे मराठीचं स्वतंत्र दालन आहे. जगभरातली बालपुस्तकं, शिक्षणावरची पुस्तकं, शास्त्रज्ञांची चरित्रं त्यात आहेत. ही एका चोखंदळ वाचकाने केलेली निवड आहे आणि म्हणूनच ती दुकानाच्या यादीपेक्षा कितीतरी विश्वासाची. कशी मांडणी, काय क्रम, याची तिथे फार फिकीर केलेली नाही. एक रविवार मोकळा काढून नुसतं भटकावं.

भटकताना ‘तोत्तोचान’ लागेलच. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक 1981 चं. मराठीत ते चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी आणलं आणि नॅशनल बुक ट्रस्टने छापलं. रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची ही हकिगत आपल्याकडच्या शिक्षकांनी आणि पालकांनी डोक्यावर घेतली. त्यातली हलक्या रंगांची चित्रं चिहिरो इवासाकी या चित्रकर्तीची आहेत आणि ती हे पुस्तक निघण्याआधीच, 1974 मध्ये वारली होती. तिचं नाव नेटवर शोधा. एका पुस्तकातून एक अख्खी चित्रकार मिळते, आणि मुलाला शब्द वाचता येत नसले तरी तिची चित्रं पाहता येतात.

आणखी एक खजिना मॉस्कोत तयार झाला. प्रगती आणि रादुगा या सोव्हिएत प्रकाशनांनी मराठीत थेट पुस्तकं छापली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, किंमत नाममात्र. लोकवाङ्मय गृहामार्फत ती महाराष्ट्रभर पोचली. अनिल हवालदारांसारखे अनुवादक मॉस्कोत राहून हे काम करत होते. 1991 मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि तो झरा आटला. ज्यांच्याकडे प्रती उरल्या त्यांनी नंतर पानं स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी ठेवली. हल्लीच्या मुलांना ती आवडतात का? ‘बाबा यागा’ चेटकिणीचं घर कोंबडीच्या पायांवर उभं असतं हे कळलं की आवडतात.

इथे हक्कांचा प्रश्न येतो आणि तो टाळू नये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून 60 वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले, म्हणून 2010 च्या अखेरीस त्यांचं लेखन मुक्त झालं. मराठी विकिस्रोतावर ते वाचता येतं. ‘श्यामची आई’ सगळ्यांना ठाऊक असते, पण जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’ या कादंबरीवरून गुरुजींनी मुलांसाठी रचलेला ‘मनूबाबा’ किती घरांत माहीत आहे? उलट विंदा करंदीकर 2010 मध्ये गेले, भा. रा. भागवत 2001 मध्ये. त्यांच्या बालकविता आणि फास्टर फेणेची साहसं अजून कित्येक वर्षं हक्काखाली राहतील. अनुवादाचा हक्कही स्वतंत्र असतो. गिजुभाई बधेका 1939 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं गुजराती ‘दिवास्वप्न’ मुक्त आहे, पण कोणी नुकताच त्याचा मराठी अनुवाद केला असेल तर तो अनुवाद मुक्त होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बालपुस्तकांच्या पीडीएफ बघताना हे लक्षात ठेवावं. मराठी बालपुस्तकाची आवृत्ती तशीही छोटी असते. ती फुकट फिरवून आपण त्या लेखकाचं आणि चित्रकाराचं पुढचं पुस्तक मारतो.

शोधताना लिपीचा घोळ फार नडतो. फास्टर फेणेचं आडनाव इंग्रजी अक्षरांत लोक तीन-चार तऱ्हांनी लिहितात. तोत्तोचान कुठे एका ‘त’ने असते, कुठे तोडून लिहिलेली. म्हणून आधी देवनागरीत शोधावं, मग रोमन अक्षरांत, आणि पुस्तकाच्या नावाबरोबर लेखकाचं किंवा प्रकाशकाचं नाव जोडावं. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकलं की सर्च इंजिन तेच शब्द त्याच क्रमाने शोधतं. जुनी पुस्तकं एकाहून अधिक प्रकाशकांकडून, कधी संक्षिप्त करून निघालेली असतात. अशा वेळी पाठीमागचा 13 अंकी आयएसबीएन जुळवून घ्यावा, म्हणजे भलतीच आवृत्ती घरी येत नाही. संक्षिप्त आवृत्ती मुलांना देऊ नये, असं माझं मत आहे. वाट बघावी, पूर्ण पुस्तक वाचण्याचं वय येतंच.

जगातलं बालसाहित्य धुंडाळायचं असेल तर म्युनिकच्या आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालयाची ‘व्हाइट रेव्हन्स’ ही यादी बघावी. येल्ला लेपमन या बाईने दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त जर्मनीत, 1949 मध्ये हे ग्रंथालय उभारलं. तिथले जाणकार दरवर्षी अनेक भाषांतली मिळून सुमारे 200 पुस्तकं निवडतात आणि प्रत्येकावर थोडक्यात टिपण लिहितात. मराठी पुस्तक मिळेल म्हणून तिथे जाऊ नये. चित्रपुस्तक कुठवर जाऊ शकतं हे पाहायला जावं. नजर तयार झाली की घरच्या पुस्तकांकडेही तीच नजर वळते.

परदेशातल्या मराठी घरांची गोष्ट जरा वेगळी. तिथल्या मराठी शाळांत मुलं हौसेने येतात, पण घरी मराठी पुस्तक बोलावायचं तर पुस्तकापेक्षा टपालाचा खर्च जास्त. त्यांना ई-पुस्तकं आणि ध्वनिपुस्तकं सोयीची. ‘स्टोरीटेल’ हे ध्वनिपुस्तकांचं अ‍ॅप 2017 मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी ऐकायची सोय वाढली आहे. ज्या मुलाला मराठी ऐकून कळतं पण वाचता येत नाही, त्याने आधी गोष्ट ऐकावी आणि मग तेच पुस्तक डोळ्यांसमोर धरावं. ऐकलेली वाक्यं वाचताना ओळखीची वाटतात.

एवढं सगळं करून पुस्तक हातात आल्यावर निकाल मुलाचाच. आपल्याला आवडलेलं, पुरस्कार मिळालेलं, सुरेख चित्रांचं पुस्तक त्याने बाजूला सारलं तर ते गुपचूप कपाटात ठेवून द्यावं आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढावं. जबरदस्तीने वाचून घेतलेल्या पुस्तकाचा लेखक मुलांच्या मनातून कायमचा उतरतो. आणि एखाद्या पुस्तकाची मुलाने पानं दुमडली, झोपताना तेच पुन्हा मागितलं, तर आईबाबांसाठी एक काम उरतं. ज्या दुकानातून ते पुस्तक घेतलं तिथे जाऊन दोन ओळी मराठीत लिहा. मुलाचं वय लिहा, त्याला कोणतं पान आवडलं ते लिहा, चित्रकाराचं आणि अनुवादकाचं नाव लिहा. पॅकिंगबद्दल नाही लिहिलंत तरी चालेल.